भिंतीवरचा घाट

“एका चित्रावरून बापलेकीचं बोलणं बंद पडतं का वो मॅडम?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हा प्रश्न टाकला. वय साठीला आलेलं. एका पतसंस्थेतून निवृत्त झालेले. बाहेर जूनचा पाऊस, आणि निथळती छत्री कुठं ठेवावी ते न कळून ती हातातच धरलेली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत लोक येतात ते बहुतेक लग्नाची, नोकरीची, झोपेची गाऱ्हाणी घेऊन. चित्राचं भांडण पहिल्यांदाच आलं होतं.

भांडण नवं असलं तरी त्याच्या पोटातला प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडे ‘मी टू’ची लाट आली, तेव्हापासून तर फारच. “ज्याच्या गाण्यांवर आमचं कॉलेज गेलं तो माणूस असा निघाला. आता गाणं लागलं की बंद करू का?” “ज्या लेखकाचं पुस्तक वाचून मी उभी राहिले, तो घरी बायकोवर हात उचलायचा म्हणे. मग माझं उभं राहणंही खोटं का?” हे विचारताना लोक ओशाळतात. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे कोण जातं, असं त्यांना वाटतं. मला ती गोष्ट एवढीशी वाटत नाही. आपण ज्यावर जीव लावतो त्यातूनच आपण घडलेलो असतो. तिथं तडा गेला की माणूस स्वतःच्या पारखीवर संशय घ्यायला लागतो, आणि तो संशय फार आतवर जातो.

म्हणून ही हकीकत लिहिते आहे. बाप आणि लेक दोघांनी होकार दिला आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तिसरी एक मुलगी यात आहे. तिच्याविषयी तिनं चालेल म्हटलं तेवढंच येईल.

चित्र जलरंगातलं, पंचगंगा घाटाचं. पहाटेचं धुकं, पायऱ्या, अर्धी पाण्यात असलेली लहान देवळं, वाकून धुणं धुणाऱ्या दोन बायका. त्यांनी ते १९९८ साली एका प्रदर्शनातून अठराशे रुपयांना घेतलं. पगार तेव्हा साडेचार हजार. “बायको म्हणाली, फ्रिज पुढच्या वर्षी घेऊ. आता बोला!” ती बाई २०१५ मध्ये कॅन्सरनं गेली. शेवटचे तीन महिने पलंग हॉलमध्ये आणून ठेवला होता, चित्राच्या समोर. घाटावर जायची तिला फार इच्छा होती, नेणं शक्य नव्हतं. सकाळी चहा पाजताना ते तिला विचारायचे, “आज पाणी किती चढलंय?” आणि ती चित्राकडं बघून सांगायची, “दोन पायऱ्या.”

हे सांगून ते थांबले. मीही काही बोलले नाही.

मुलगी बावीस वर्षांची, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला. एप्रिलमध्ये एके दिवशी तिनं सांगितलं, पप्पा, हे चित्र इथून काढा. त्यांनी कारण विचारलं. तिनं थोडक्यात सांगितलं: कॉलेजच्या निसर्गचित्रणाच्या शिबिराला हेच चित्रकार मार्गदर्शक म्हणून आले होते. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मैत्रिणीशी ते तिथं आणि नंतर स्वतःच्या स्टुडिओत बोलावून घाणेरडं वागले. बापाला धक्का बसला, पण तोंडातून निघालं ते भलतंच. “झालं असेल तर वाईटच झालं. पण कला आणि कलाकार वेगळं ठेवायचं असतं, बाळ.” मुलीनं त्याच रात्री चित्र उतरवून कपाटामागं टाकलं. सकाळी त्यांनी ते परत टांगलं. तेव्हापासून ती जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जात होती. दोन महिने.

“मी काय त्या माणसाची बाजू घेत न्हाई मॅडम. पण ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, ते काय उगंच?”

मी उत्तर दिलं नाही. एक साधी गोष्ट विचारली: हे सगळं कळायच्या आधी, घरी पाहुणे आले, चित्राकडं बघून कुणाचं म्हणाले, तर तुम्ही काय सांगायचात?

त्यांचा चेहरा उजळला. सवयीनंच उजळला असावा. “देवमाणूस आहे म्हणायचो! ज्याच्या हातातनं असं पाणी उतरतं तो माणूस आतनं स्वच्छच असणार.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

मुलगी पुढच्या आठवड्यात आली. बापानं पाठवलं म्हणून आली होती, तेवढ्यापुरतीच. नखांत निळा रंग. पहिली वीस मिनिटं ती माझ्याशी वाद घालत होती, खरं तर बापाशीच. कला वेगळी, कलाकार वेगळा हे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांच्या सोयीसाठी काढलेलं आहे, असं तिचं म्हणणं. “आम्हाला तो फ्रेंच चित्रकार गोगँ शिकवतात मॅडम. ताहिती बेट, उजळ रंग, सपाट आकार, सगळं. तो १८९१ मध्ये तिथं गेला आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना बायको म्हणून ठेवलं, हे मला नेटवरनं कळलं. त्या चित्रांत ज्या बसल्यात ना, त्याच. वर्गात एक शब्द न्हाई.” मग तुकोबा आले. शाळेत फळ्यावर लिहिलेलं असायचं, बोले तैसा चाले. “लहानपणी आमच्याकडनं ते पाठ करून घ्यायचं, आणि मोठ्या कलाकाराची वेळ आली की नदीचं मूळ शोधू नका?”

तिच्या रागात तथ्य होतं. तरी तुकोबांच्या ओळीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते मी तिला सांगितलं. तो अभंग उपदेश करणाऱ्याला लावलेली कसोटी आहे. जो बोलतो, त्यानं तसं चालावं. घाटाचं चित्र काढणारा काही कसं वागावं हे सांगत नसतो. चित्र स्वतःविषयी कसलंच वचन देत नाही. वचन आपण त्याच्यात घालतो.

“आपण म्हणजे?” तिनं विचारलं.

“आपण बघणारे. घरात हे चित्र लहानपणापासून होतं ना? त्या माणसाबद्दल काय ऐकलंस तू?”

ती गप्प झाली. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. मग कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं, एका दमात म्हणाली, “मीच तिला घेऊन गेलतो मॅडम.”

शिबिरात त्या मैत्रिणीला त्या माणसाचं वागणं खटकलं होतं. स्टुडिओत ये म्हणाले तेव्हा ती जायला तयार नव्हती. हिनंच तिला समजावलं: अगं, आमच्या घरी त्यांचं चित्र आहे, आमची आई शेवटपर्यंत ते बघत होती, माणूस लई मोठा आहे. स्वतः दारापर्यंत सोडायला गेली. आपल्याला क्लास आहे म्हणून परत फिरली. एवढंच. पुढं काय झालं ते चार दिवसांनी कळलं.

ते चित्र तिच्या डोळ्यांसमोर नको होतं, ते यासाठी. बापाला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. त्याला वाटत होतं, पोरगी आईची आठवण भिंतीवरून काढायला निघाली आहे.

इथं थोडं थांबून माझं म्हणणं सांगते, कारण हा प्रश्न घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाशी मला याच जागी यावं लागतं. कला आणि कलाकार वेगळे ठेवा, असं आपण म्हणतो ते तक्रार आल्यावर. त्याआधी वर्षानुवर्षं आपणच दोघांना घट्ट बांधलेलं असतं. गोड गातो म्हणून मनानं निर्मळ, सुंदर लिहितो म्हणून समजूतदार, असं पाणी काढतो म्हणून आतून स्वच्छ. त्या बांधण्याचा फायदा त्या माणसाला रोज मिळत असतो. दारं उघडतात, आईबाप निर्धास्त होतात, बुजणाऱ्या मुलीला मैत्रीण समजावते. चित्र जामीन राहतं. आणि ज्या दिवशी कुणी तोंड उघडतं, त्या दिवशी आपल्याला एकदम आठवतं की चित्र वेगळं, माणूस वेगळा. वेगळं करायचंच असेल तर ते पहिल्या दिवसापासून करावं लागेल, कौतुकाच्या वेळीच.

मानसशास्त्रात याचा जुना अभ्यास आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यानं १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले. बांधा, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या गोष्टी वेगवेगळ्या जोखायच्या होत्या. पण एका बाबतीत माणूस आवडला की बाकीच्या सगळ्यांत त्याला वरचे गुण पडत होते. त्याला त्यानं ‘हेलो’ म्हटलं, देवादिकांच्या डोक्यामागं असतं ते तेजोवलय. आपल्या कोल्हापूरला तर हे वलय जरा जास्तच लवकर दिसतं. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादियाँ खाँसाहेबांना इथं आणलं, कुस्तीच्या मैदानाशेजारी नाट्यगृह उभं केलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेच, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा रस्त्यावर उभी राहून मोठमोठी माणसं रडली. कलेवर असा जीव असणं ही आपली श्रीमंती आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. पण त्याच श्रीमंतीपायी कलाकाराच्या वागण्यावर बोलायला आपली जीभ जड होते. ‘कलावंत असतातच लहरी’ हे वाक्य मी या खोलीत कितीदा ऐकलं असेल. लहर वेगळी. रात्री जागणं, पैसे उधळणं, रियाजाच्या वेळी दार न उघडणं, ही लहर. एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं मागं सरकूनही हात पुढं येणं, याला लहर म्हणत नाहीत.

मैत्रिणीविषयी मी मुलीशी स्वतंत्र बोलले. घटनेला तोवर साडेचार महिने झाले होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी २०१६ पासून लागू असलेले नियम, यांनुसार कॉलेजात अंतर्गत समिती असावी लागते. लेखी तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, पण कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. पोलिसांकडे जायचा रस्ता वेगळा, त्याला ही मुदत नाही. (मुलगी अठराच्या आतली असती तर माझ्यासह ज्याला ज्याला कळलं त्याच्यावर ते कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आली असती. पॉक्सो कायदा तसं स्पष्ट सांगतो.) ही माहिती मैत्रिणीला दे, हवं तर तिला इकडं घेऊन ये, पण काय करायचं ते तिला ठरवू दे, असं मी सांगितलं. हिला तेच अवघड जात होतं. एकदा तिला नको त्या ठिकाणी ढकललं, आता योग्य ठिकाणी ढकलावं, म्हणजे फिट्टंफाट, असं अपराधी मन सांगत होतं. मैत्रिणीनं पुढं काय केलं ते तिचं आहे. ते मी लिहिणार नाही.

चौथ्या भेटीला बाप आणि लेक एकत्र आले. मुलीनं स्वतः सांगायचं ठरवलं होतं. सांगताना ती बापाकडं बघत नव्हती, खिडकीतून समोरच्या गल्लीत बघत होती. सांगून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “म्हणजे... माझ्यामुळं. देवमाणूस, देवमाणूस मीच म्हणायचो.”

अपराधाचं ओझं असं हातोहात फिरतं, हे मी पुष्कळ घरांत बघितलं आहे. मैत्रीण म्हणत असते मी गेलेच का, ही म्हणते मी नेलंच का, बाप म्हणतो मी बोललोच का. ज्यानं केलं त्याचं नाव या यादीत कुठंच नसतं. मी दोघांना तेवढंच विचारलं: तुम्ही त्याच्याबद्दल चांगलं बोललात, हिनं विश्वास टाकला. त्या विश्वासाचं काय करायचं हे त्या खोलीत कोण ठरवत होतं?

“तो,” मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं ‘ते’ म्हटलं नाही.

ते मान हलवत राहिले. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, “पुढच्या वेळी चित्र घेऊन आलो तर चालेल का मॅडम? तुम्ही बघितलंच न्हाई अजून.”

खरंच घेऊन आले. सोलापुरी चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून. मी टेबल मोकळं केलं. चित्र चांगलं होतं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते आहे. ते टुकार असावं असं मला, खरं सांगते, मनातून वाटत होतं, म्हणजे सगळं सोपं झालं असतं. पण ते चांगलं होतं. धुक्यात देवळांच्या कडा कुठं संपतात आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. बायकांच्या पाठी दोन-दोन फटकाऱ्यांत काढलेल्या, आणि तरी एक थकलेली दिसत होती, एक नव्हती.

मुलीनं दोन महिन्यांनी त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ हात मागं होते. मग तिनं काचेवर बोट ठेवलं. “हा उजेड रंगवलेला न्हाई. कागद सोडलाय तेवढा. पांढरा रंग नसतोच जलरंगात वापरायचा, आधीच ठरवावं लागतं कुठं हात लावायचा न्हाई ते.”

बोलता बोलता तिचा आवाज फिरला. “हे मला कुणी शिकवलं न्हाई मॅडम. मी पाचवी-सहावीत या चित्राखाली बसून अभ्यास करायचो. कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी विचारलं, कागद सोडायला कुठं शिकलीस? भिंतीवरचं काढता येतं. हातातनं कसं काढू? फेब्रुवारीपासनं मी जलरंगाला हात लावला न्हाई.”

असं बघा. आम्ही इतके दिवस भिंतीबद्दल बोलत होतो, आणि पोरगी हाताबद्दल झुरत होती. चाहत्यांचा प्रश्न आणि शिकणाऱ्यांचा प्रश्न यांत हा फरक असतो. ऐकणारा गाणं बंद करू शकतो. ज्याच्या गळ्यात गुरूची हरकत उतरली आहे, त्यानं काय बंद करायचं?

मी तिला विचारलं, कागद सोडायचं हे त्या माणसानं शोधून काढलं का? ती हसली, थोडी चिडूनच. नाही, हे तर शेकडो वर्षं चालत आलेलं आहे. कोल्हापुरात तर आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून किती पिढ्या तळ्यांच्या, नदीच्या काठी बसल्या आहेत. त्याला कुणीतरी दिलं, त्याच्या आधीच्याला आणखी कुणी. मग जे त्याचं नव्हतंच, ते त्याला परत करायला तू का निघालीस? त्याच्या हातातून तुझ्यापर्यंत आलं, एवढाच त्याचा भाग. त्या भागाबद्दल राग असू दे. पण धुकं पंचगंगेचं आहे, आणि ते दिसायला लागणारे डोळे तुझे.

तिला हे लगेच पटलं नाही. पटावं अशी घाईही नव्हती.

बापाशी मी रसाबद्दल बोलले. ते वाचणारे गृहस्थ. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद त्यांना तोंडपाठ होता, आणि त्या दोघांनीही या गावात राहून लिहिलं याचा अभिमान होता. तो वाद कला कशासाठी याचा होता, कलाकार कसा वागतो याचा नव्हता. त्यांना माझ्या दृष्टीनं जास्त उपयोगी होतं ते आपलं जुनं रसशास्त्र. भट्टनायक, अभिनवगुप्त यांनी हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय की रसाचा अनुभव होतो तो सहृदयाच्या, म्हणजे मन लावून बघणाऱ्याच्या मनात. रंगमंचावरचं दुःख नटाचं राहत नाही, कुणा एकाचं राहत नाही, म्हणून तर बघणाऱ्याला ते आपलं म्हणून घेता येतं. तुमच्या बायकोनं सकाळी मोजलेल्या दोन पायऱ्या त्या चित्रकारानं काढलेल्या नव्हत्या. त्या तिच्या होत्या. त्या खोट्या ठरवायला कुणी येऊ शकत नाही, त्याचं वागणंसुद्धा नाही.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र तिथंच सोडलं नाही, कारण हे समाधान फार पटकन निसटतं. “पण हा तुमचा हिशोब झाला. त्या मुलीचा हिशोब याच्यातून चुकता होत नाही.”

“मग तिचा कसा?”

वॅग्नरची गोष्ट मी त्यांना सांगितली. हा जर्मन संगीतकार १८८३ मध्येच वारला, पण १८५० मध्ये त्यानं ज्यूंविरुद्ध विषारी लेख लिहिला होता आणि पुढं नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं. इस्रायलमध्ये त्याचं संगीत जाहीरपणे न वाजवण्याचा अलिखित दंडक देश स्थापन व्हायच्या आधीपासूनचा, १९३८ पासूनचा. डॅनियल बॅरनबॉइम हा स्वतः ज्यू असलेला संगीतकार. २००१ मध्ये जेरुसलेमला त्यानं ठरलेला कार्यक्रम संपवला आणि मग श्रोत्यांनाच विचारलं: वॅग्नर ऐकायचा आहे का? ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल जावं. सुमारे अर्धा तास सभागृहात वाद झाला. काही जण संतापून बाहेर गेले. बहुतेक थांबले, आणि त्यानं वाजवलं. बरोबर केलं की चूक, यावर तिथं अजून दुमत आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाहेर जाणाऱ्याला कुणी रसिकता शिकवत बसलं नाही. त्याच्यासाठी दार उघडं होतं.

“तुमच्या हॉलला दुसरं दार आहे का?” मी विचारलं. “तिला तिथंच जेवायचं आहे.”

ते काही बोलले नाहीत. चित्र चादरीत गुंडाळायला लागले. तेव्हा ते उलटं झालं आणि मागच्या तपकिरी कागदावर पेन्सिलनं लिहिलेलं मला दिसलं. बाईचं गोल अक्षर: ‘दसरा १९९८. रु. १८००. मी निवडलं.’ मुलीनं ते कधी बघितलं नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, अगदी हलका, पेन्सिल पुसली जाईल म्हणून.

लोकांना माझ्याकडून एक सरळ नियम हवा असतो. अमुक गुन्हा असेल तर गाणं ऐकू नका, तमुक असेल तर चालेल. तसा नियम मला देता येत नाही. पण मी काही गोष्टी विचारते, आणि त्या विचारण्यात माझा कल लपून राहत नाही. माणूस जिवंत आहे का? तुमचा पैसा, तुमच्या टाळ्या, तुमचं नाव त्याच्यापर्यंत पोचतंय का? त्यातून त्याला आणखी कुणाच्या लेकीपर्यंत पोचता येतंय का? गोगँ १९०३ मध्ये मेला. त्याची चित्रं बघताना त्या मुलींविषयी वर्गात मोकळेपणानं बोललं गेलं पाहिजे, आणि ते न बोलणं ही शिक्षकांची चूक आहे, असं मला वाटतं. पण ती चित्रं बघितल्यानं आज कुठल्या स्टुडिओचं दार उघडत नाही. या चित्रकाराचा मात्र दर रविवारी क्लास भरत होता.

हे प्रश्न बापाला आधी रुचले नाहीत. चित्र ठेवू का काढू, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. पुढच्या भेटीत मात्र ते आपणहून एक गोष्ट बोलले. त्यांच्या जुन्या पतसंस्थेची दिनदर्शिका निघते. निवृत्तीनंतरही चित्रकार सुचवायचं काम त्यांच्याकडंच होतं आणि त्या वर्षी त्यांनी याचंच नाव दिलं होतं. बारा चित्रं, बरं मानधन, डिसेंबरात प्रकाशनाचा समारंभ, शाल-श्रीफळ. ते अध्यक्षांकडं जाऊन नाव मागं घेऊन आले. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “माझ्या लेकीच्या मैत्रिणीला त्यांच्याकडनं त्रास झालाय. मुलीचं नाव सांगणार न्हाई, पण मला खात्री आहे.” अध्यक्ष म्हणाले, अहो, कला आणि कलाकार... ते म्हणाले, “ते मी पण म्हणत होतो.”

हे ऐकताना लेक त्यांच्या शेजारी बसली होती. तिला घरी काहीच सांगितलं नव्हतं. “पप्पा, हे कधी केलं?” एवढंच म्हणाली.

चित्राचं त्यांनी त्यांचं ठरवलं. आता ते बापाच्या खोलीत आहे, पलंगासमोर. त्या खोलीत लेक जाते-येते, चित्राकडं कधी बघते, कधी नाही. हॉलमधल्या भिंतीवर चौकोनी उजळ डाग राहिला आहे, रंग द्यायचा राहिलाय. दोघं तिथं जेवतात. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. मैत्रीण आणि ती बोलतात, पण पूर्वीसारखं नाही, आणि ते पूर्वीसारखं होईलच असं तिला मी कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ती एकदा येऊन गेली. पिशवीत कागदांची गुंडाळी होती. पहाटे साडेपाचला घाटावर जाऊन बसायला लागली होती, थंडीत. तिनं टेबलावर चार-पाच कागद पसरले. धुकं होतं, पायऱ्या होत्या, बायका नव्हत्या. पाण्यावरचा उजेड तिनं सोडला होता, पण काठानं नाही, मधोमध, एक वाकडीतिकडी पट्टी.

“पप्पा म्हणतात, यातलं एक हॉलमध्ये लावू.”

“मग?”

तिनं कागद गोळा केले, गुंडाळीला रबर लावलं. “अजून जमलं न्हाई मॅडम. पाणी जड झालंय.”